नाव पुसले तरी
(स्वागताध्यक्षीय भाषण)



नीरेकाठच्या या अकलूज गावात डॉक्टर, संशोधक, प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ अशा आपणा सर्वांचे स्वागत. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी सराटीहून नदी ओलांडून आमच्याकडे येते, इथे गोल रिंगण रंगते. पाहुण्यांची सरबराई आमच्या अंगवळणी पडली आहे. तरी काही उणे राहिले, तर हक्काने सांगा.

रक्तातल्या प्रतिकारपेशींच्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, हा आपल्या चर्चेचा विषय अकलूजला कशाला, असे काहींनी विचारले. रक्त इथूनच जाते, म्हणून. माळशिरस, इंदापूर, पंढरपूरकडचा रुग्ण बाही वर करतो, जांभळ्या टोपणाची नळी भरते, नावाच्या जागी बारकोड चिकटतो. नमुना संशोधनासाठी जाणार असेल तर सही घेताना आपण म्हणतो, "काळजी करू नका, तुमचं नाव कुठं येणार नाही."

नळी यंत्रात फिरवली की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये प्रतिकारपेशींचा एक पांढुरका, पातळ थर दिसतो. त्या थरातल्या एकेका पेशीत कोणते जनुक किती काम करते, हे आज मोजता येते. हाती येतो नुसत्या आकड्यांचा तक्ता. त्यात नाव नसते, म्हणून असे तक्ते जगभर खुले ठेवले गेले. २०२४ साली 'सेल' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या गॅमझे गुरसोय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या आकड्यांतूनही माणूस गाठता येतो. डीएनएतल्या ठरावीक फरकांमुळे ठरावीक जनुके कमी-जास्त चालतात. हे संबंध छापून आलेले आहेत. आकड्यांवरून उलटा माग काढायचा आणि त्याच माणसाच्या दुसरीकडे असलेल्या डीएनए नोंदीशी ताडून पाहायचे. ती नोंद नावानिशी असली, की संपले.

आपल्या डॉक्टरांना याचे फार नवल वाटू नये. मूत्रपिंड जुळते का हे पाहताना आपण पेशींवरच्या एचएलए खुणा तपासतो, त्या बहुधा माणसागणिक वेगळ्या असतात म्हणूनच. टी पेशी या प्रतिकारपेशींवरच्या ग्राहींचा संच तर एकसारख्या जुळ्यांचाही तंतोतंत सारखा नसतो.

ओळख पटणे वाईटच, असे मी म्हणणार नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. त्या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते; वेळेला दाता नावानिशी सापडला तरच जीव वाचतो. पण तो दाता स्वतःहून यादीत आलेला असतो. माझा सारा आग्रह या 'स्वतःहून'साठी आहे.

आमच्या भागात तर माणूस ओळखायला संगणकही लागत नाही. गाव, जात, वय आणि एखादा विरळा आजार, एवढे छापले तरी पारावर नाव निघते. पिढ्यान् पिढ्या सोयरिकी ठरलेल्या घरांत होतात, त्यामुळे एकाच्या रक्तातली गोष्ट चुलत्याच्या, मावशीच्या घरी पोचते. मुलीचे लग्न ठरवताना अशा गोष्टीचा काय परिणाम होतो, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे.

म्हणून रक्त देऊच नका, असे सांगायचे का? मुळीच नाही. आपल्या लोकांची माहिती जगाच्या संग्रहात नसेल तर आपल्या आजारांवरची औषधेही परक्यांच्या मापाची निघतील. माहिती जरूर द्यावी. मात्र ती कोण उघडतो यावर राखण हवी, आणि देणाऱ्याला खरे सांगावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची सोय केली आहे. संशोधनाला त्यात काही सवलत आहे. त्या सवलतीआड आपण लपू नये.

उद्याच्या चर्चासत्रात आपण मराठी संमतिपत्राचा मसुदा करावा, ही माझी विनंती. "नाव येणार नाही" एवढ्यावर थांबू नका. "नाव काढू, पण कधीतरी कोणी तुम्हाला ओळखू शकेल, घरच्यांशी बोलून ठरवा," असे त्यात स्पष्ट लिहा. मसुदा झाला की आमच्या उसाच्या फडावरच्या चार माणसांना तो वाचून दाखवू, आणि त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहू.