दंडोबाच्या वनात सहल



कवठे महांकाळला समुद्र नाही, खाडीही नाही.
पण सहलीला दंडोबाचा डोंगर आहे.

मिरज तालुक्याच्या सीमेवरचा हा डोंगर.
भोसे आणि खरशिंग ही जवळची गावं.
खाली कोरडवाहू माळ,
वर वनखात्यानं राखलेली झाडी.

इथलं महादेवाचं मंदिर कातळात कोरलेलं आहे.
उन्हातून आत शिरलं, की पायाखाली गार दगड लागतो.

हा मुलूख पर्जन्यछायेचा.
हिवाळा सरला, की गवत वाळतं.
मग एक ठिणगीही पुरते.
म्हणून वनात चूल नको, शेकोटी नको.

डबा घरूनच न्यावा.
पिण्याचं पाणी सोबत घ्यावं.
प्लास्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो:
चूल नको, शेकोटी नको!
आणि मुक्काम करायचा असेल,
तर आधी वनखात्याची परवानगी घ्या.