डोळ्यांची साथ आणि पायांतील बळ



पावसाळा लागला कीं आपल्या संभाजीनगरांत कोणाचे ना कोणाचे डोळे येतातच. लाल झालेला डोळा दुखतो, चिकटतो आणि आठवड्याभरांत निवळतो. घरांतील वडील माणसें काळा चष्मा लावावयास सांगतात आणि गोष्ट तेथेंच संपते. बहुतेक वेळां ती खरोखरच तेथें संपते. परंतु एका साथींत ती तेथें संपली नाहीं. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७१ सालीं मुंबईंत डोळ्यांची प्रचंड साथ आली. हा नवा विकार दोन वर्षांपूर्वीं, १९६९ सालीं, आफ्रिकेंतील घाना देशांत प्रथम दिसला होता. त्यांत डोळा नुसता लाल होत नसे, तर त्याच्या पांढऱ्या भागांत रक्त उतरत असे. डोळे बरे झाल्यावर कांहीं रोगी थोड्या आठवड्यांनीं पुन्हां डॉक्टरांकडे आले. पण आतां तक्रार निराळी होती. कंबरेंत व मांडींत तीव्र कळा येत, आणि मागोमाग पाय लुळे पडत, एक अधिक तर दुसरा कमी. हीं बहुतेक प्रौढ माणसें होतीं. डोळ्याचा आणि पायाचा संबंध कोणाच्या ध्यानीं यावा? डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं तो धागा जुळविला आणि १९७२ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांतून जगापुढें मांडला. १९८१ सालीं मुंबईंत साथ फिरून आली, तेव्हां तसेच रोगी पुन्हां दिसले.

या साथीचा कर्ता ‘एन्टेरोव्हायरस सत्तर’ नांवाचा विषाणु. कुळाचें नांव आंतड्यांवरून पडलें आहे, कारण त्याचे बहुतेक भाऊबंद तेथें वाढतात. पोलिओचा विषाणु त्यांतलाच. हा सत्तरावा मात्र सुमारें तेहतीस अंश उष्णतेंत उत्तम वाढतो, आणि डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या अंतर्भागाहून थंडच असतो. या कुळांतील विषाणु इतके सूक्ष्म कीं एका मिलिमीटरांत तीस हजारांहून अधिक एका ओळींत मावतील.

मज्जारज्जूपर्यंत हें कूळ कसें पोंचतें, हें पोलिओवरून उत्तम कळलें आहे. विषाणु रक्तांत उतरतो. कधीं स्नायूंत शिरून तेथील मज्जातंतूच्या वाटेनें उलटा वर चढतो. मज्जारज्जूच्या पुढील भागांत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकीं एखादींत शिरला कीं तो तिचें स्वतःचें काम बंद पाडतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढवून घेतो. कांहीं तासांत पेशी मरते. मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. हुकूम येईनासा झाला कीं स्नायु सैल पडतो आणि पुढें सुकत जातो. स्पर्श मात्र कळतो, कारण त्याच्या पेशी निराळ्या.

तरीहि सगळेच रोगी कायमचे पंगु होत नाहींत. शेजारच्या कांहीं पेशी केवळ सुजलेल्या असतात, त्या सावरतात. आणि वांचलेले मज्जातंतु नवे फांटे फोडून पोरक्या स्नायूंचा भार उचलतात. पोलिओच्या दोनशें संसर्गांतहि एखाद्यालाच पक्षाघात होतो. पण ज्या घरीं तो होतो, तेथें हा हिशेब कामास येत नाहीं.

पोलिओवर लस होती. भारतांतील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें सांपडला आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. सत्तराव्या भावावर लस नाहीं. त्याचा प्रवास बोटांवरून व टॉवेलावरून होतो. तेव्हां त्याला अडविणेंहि आपल्याच हातीं आहे. या विषाणूंवर चरबीचें आवरण नसल्यामुळें हातांस चोळावयाच्या मद्यार्कावर विसंबूं नये. साबण लावून वाहत्या पाण्याखालीं हात नीट चोळावे. टॉवेल, उशी, काजळाची डबी प्रत्येकाची निराळी असावी.

आणि एक गोष्ट विसरूं नका. डोळे येऊन गेल्यावर कंबरेंत कळा येऊं लागल्या किंवा पाय जड वाटूं लागला, तर त्याला वाऱ्याचा विकार समजून तेल चोळीत बसूं नये. आपल्या घाटीच्या रुग्णालयांत जावें आणि डोळे आले होते हें आवर्जून सांगावें. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय एकाएकीं लुळा पडला, तर सरकारी आरोग्य खात्यास त्याच दिवशीं कळवावें. त्याच्या शौचाचे दोन नमुने तपासले जातात. मुंबईचे ते रोगी डोळ्यांची गोष्ट विसरून पायाची तक्रार घेऊन आले होते. आपण दोन्ही गोष्टी एकत्र सांगूं या.