न दिसणारी जखम : माइक वेब्स्टर यांचे जीवन



या व्यासपीठावर संतांची, राष्ट्रपुरुषांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे आपण वर्षानुवर्षे ऐकत आला आहात. आज आम्ही एका परदेशी खेळाडूचे चरित्र घेऊन उभे आहोत, आणि त्याचा खेळही आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. हा विषय कशासाठी, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्यात वावगे काही नाही. पण या एका आयुष्यात जो प्रश्न दडलेला आहे, तो कोणताही खेळ पाहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. दुसऱ्याच्या अंगावर बसणाऱ्या आघातांनी आपली करमणूक होत असेल, तर त्या करमणुकीचा हिशेब ठेवायचा कोणी?

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने क्वचितच मारायचा. बहुतेक वेळा हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही सरकता आले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो. समोरासमोर उभ्या राहिलेल्या धिप्पाड गड्यांच्या रांगेत मधोमध जो वाकून बसतो, त्याला सेंटर म्हणतात. जमिनीवरचा चेंडू तो आपल्या दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हाती देतो, आणि त्याच क्षणी उसळून समोरच्या गड्यावर आदळतो. हात, खांदे, छाती आणि डोके, सारे पणाला लागते. प्रेक्षकांची नजर चेंडूमागे धावत असते. सेंटरकडे कोणी पाहत नाही.

माइक वेब्स्टर हे असे सेंटर होते. त्यांचा जन्म 1952 साली अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात, टोमाहॉक या लहानशा गावी झाला. घरी बटाट्याची शेती होती आणि बालपण त्या शेतीच्या कष्टांत गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघातून खेळून 1974 साली ते धंदेवाईक खेळात शिरले. संघांनी नव्या गड्यांची निवड करताना त्यांचे नाव तब्बल 125 व्या क्रमांकावर घेतले. अंगाने ते थोडे लहान आहेत, असा जाणकारांचा शेरा होता. तो शेरा त्यांनी व्यायामशाळेत घाम गाळून खोटा ठरवला.

त्यांना निवडणारा संघ पिट्सबर्गचा, नाव स्टीलर्स, म्हणजे पोलादवाले. पुढल्या काही वर्षांत त्या शहरातले पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्या पडत्या काळात शहराला मान वर करून बोलायला जागा उरली होती ती या संघामुळे. 1975 ते 1980 या सहा वर्षांत स्टीलर्सनी सुपर बोल हा अंतिम सामना चार वेळा जिंकला, आणि चारही वेळा वेब्स्टर संघात होते. कडाक्याच्या थंडीतही ते उघड्या दंडांनी मैदानात उतरत. लोक त्यांना ‘आयर्न माइक’ म्हणत. 1986 साली कोपर निखळेपर्यंत सलग 150 सामन्यांच्या आरंभी ते आपल्या जागेवर उभे होते. पिट्सबर्गकडून 15 आणि कॅन्सस सिटीकडून 2 असे 17 हंगाम, एकूण 245 सामने खेळून 1990 च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. आता हे सामने, त्यांतला एकेक डाव, आणि त्यांखेरीज रोजचा सराव यांचा गुणाकार करून पाहा. डोक्याला बसलेले हादरे किती हजार होतील, याची गणती कोणी ठेवली नव्हती.

श्रोतेहो, यापुढील कथा दुःखद आहे. निवृत्तीनंतर या पोलादी पुरुषाचे मन हळूहळू ढासळू लागले. स्मरण दगा देऊ लागले, विचारांचा धागा तुटू लागला, पैशाचे व्यवहार बिघडले, संसार मोडला. ज्यांच्या नावाचा स्टेडियममध्ये जयघोष झाला, ते वेब्स्टर कित्येक रात्री आपल्या मालवाहू मोटारीत किंवा रेल्वेच्या स्थानकावर काढू लागले. वेदनांमुळे झोप येईना, तेव्हा विजेचा धक्का देणारे यंत्र स्वतःच्याच अंगाला लावून ते शुद्ध हरपू देत.

1997 साली ओहायो राज्यातील कॅन्टन येथे फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. खेळाडूला याहून मोठा मान नाही. त्यांचा परिचय करून देण्यास टेरी ब्रॅडशॉ आले होते. वर्षानुवर्षे वेब्स्टरनी पायांमधून मागे दिलेला चेंडू झेलणारे क्वार्टरबॅक ते हेच. व्यासपीठावर दोघांनी चेंडू घेऊन ती जुनी हालचाल पुन्हा करून दाखवली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नंतरच्या भाषणात वेब्स्टर पुन्हा पुन्हा मूळ विषयापासून भरकटत होते. शरीराला जे पाठ होते ते शिल्लक होते. मनाचे मात्र तसे राहिले नव्हते.

24 सप्टेंबर 2002 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनाचे काम पिट्सबर्गच्या मृत्युचिकित्सा कार्यालयातील डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे आले. हे नायजेरियात जन्मलेले तरुण डॉक्टर. फुटबॉलमधले त्यांना काही कळत नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्या नावाच्या तेजाने त्यांचे डोळे दिपले नाहीत. पन्नाशीतल्या माणसाची बुद्धी अशी का खचावी, एवढाच प्रश्न त्यांना पडला. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला मारामुळे विकार जडतो, हे वैद्यकाला ठाऊक होते. त्यावर 1928 सालीच निबंध प्रसिद्ध झालेला होता. पण वेब्स्टर यांचा मेंदू वरून पाहता निरोगी दिसला. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. डॉ. ओमालू यांनी मेंदू राखून ठेवला, स्वतःच्या खर्चाने त्याचे पातळ काप करवले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांत टाऊ नावाच्या प्रथिनाचे डाग आणि गुंते आढळले. एका मोठ्या घावाची ती खूण नव्हती. लहान लहान हादरे वर्षानुवर्षे साठत गेल्याने होणारा तो विकार होता. वैद्यक त्याला संक्षेपाने सी.टी.ई. म्हणते.

हा शोध 2005 साली शस्त्रक्रियाशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. फुटबॉल लीगने डोक्याच्या दुखापतींचा विचार करण्यासाठी 1994 साली एक समिती नेमली होती. तिच्या तीन सदस्यांनी तो निबंध मागे घ्यावा अशी लेखी मागणी केली. निबंध मागे घेतला गेला नाही. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाच्या मंडळाने 1999 सालीच वेब्स्टर यांना खेळातील डोक्याच्या दुखापतींमुळे कायमचे अपंग ठरवले होते. म्हणजे पैसे देणाऱ्या मंडळाच्या कागदावर जे मान्य झाले होते, तेच सत्य लीगची डॉक्टरांची समिती पुढे कित्येक वर्षे नाकारीत राहिली! वेतनाची मागील बाकी मिळावी म्हणून वेब्स्टर यांच्या वारसांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि 2006 साली वरिष्ठ न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला.

पुढे हजारो माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले. 2013 साली 76 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. पुढे भरपाईवरील ती मर्यादा काढण्यात आली आणि 2015 साली न्यायालयाने तडजोडीस मान्यता दिली. फुटबॉल आणि हा विकार यांचा संबंध आहे, असे लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उघडपणे कबूल केले ते 2016 साली. वेब्स्टर यांना जाऊन तोवर चौदा वर्षे होत आली होती.

येथे शास्त्राशी प्रामाणिक राहणे अवश्य आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या लीगमधील 111 खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये हा विकार आढळला. पण मृत्यूनंतर मेंदू दिले गेले ते बहुधा लक्षणे दिसलेल्यांच्या कुटुंबीयांकडून. तेव्हा शंभरातल्या नव्याण्णवांना हा रोग होतो, असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. शिवाय खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. म्हणूनच जिवंतपणी नाकारणे सोपे जाते.

या खेळाचा इतिहास एक मोठा धडा शिकवतो. 1905 साली एका हंगामात सुमारे 18 खेळाडू दगावले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि वर्षभरात नियम बदलले. मैदानावर पडलेले प्रेत सर्वांना दिसते. वेब्स्टर यांच्यासारखा माणूस मात्र मैदान सोडल्यावर, वीस वर्षांनी, एखाद्या मोटारीत एकटा कोसळतो. ते कोणाला दिसत नाही, म्हणून नियम बदलायला शतक लागते. डोक्याने आदळण्यास शिक्षा, सरावातील टकरींवर मर्यादा, हे सारे आता आले आहे. पण ते आधी यावयास हवे होते.

मग खेळ बंद करावे काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. धाडस, शिस्त, सोबत्यासाठी स्वतः मार झेलण्याची तयारी हे गुण वेब्स्टर यांच्या ठायी खरे होते, आणि त्यांच्या विजयांनी एका खचलेल्या शहराला दिलेला धीरही खरा होता. आमचे म्हणणे एवढेच, की किंमत मोजणाऱ्याला ती आधी ठाऊक असली पाहिजे. आणि ती सांगण्याचे काम ज्यांना खेळातून नफा होतो त्यांच्यावरच सोपवू नये. त्यांचे सारेच लोक दुष्ट असतात असे नाही. पण ज्याचे हित गुंतलेले आहे, त्याच्या डोळ्यांना सूक्ष्मदर्शकही पुरत नाही. वेब्स्टर यांच्या बाबतीत सत्य सापडले ते खेळाशी देणेघेणे नसलेल्या एका परक्या डॉक्टराला.

आपण सारे प्रेक्षक आहोत. चेंडूमागे धावणारी नजर क्षणभर रांगेच्या मधोमध वाकलेल्या त्या माणसाकडे वळवावी, सामना संपल्यावर तो कोठे जातो हे विचारावे, एवढे आपल्या हाती आहे. वेब्स्टर हयात असताना हे फार थोड्यांनी विचारले.