शिरस्त्राण छावणीपुरते नव्हे

सैनिकाला मृत्यू रणांगणावरच गाठतो असे नाही. पहिल्या महायुद्धात गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली ब्रिटिश विमानदलातून निवृत्त झाले. त्याच वर्षी १३ मे रोजी, मोटारसायकलवरून जाताना, दोन सायकलस्वार मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात ते कोसळले. शिरस्त्राण, म्हणजे आपले हेल्मेट, डोक्यावर नव्हते. सहाव्या दिवशी प्राण गेला. उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. ते केवळ हळहळले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी चिकाटीने अभ्यास केला, १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश सेनेने शिरस्त्राण सक्तीचे केले. पण कामावर असतानाच!

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ कर्तव्य आणि रजा असा भेद करीत नाही. मागे बसणाऱ्यालाही ते लागू आहे. तरीही छावणीच्या फाटकात निमूटपणे शिरस्त्राण बांधणारा जवान गावी आला की ते खुंटीला टांगतो. तिथे हटकणारा सुभेदार नसतो. माताभगिनींनो, ते काम आता तुमचे. हनुवटीखालचा पट्टा बांधल्याखेरीज गाडीची किल्ली त्याच्या हाती देऊ नका. मोटार असेल तर मागच्या आसनावरचा पट्टाही तपासा.