जुन्या जीपला आणि मोटारीला ट्रेलरचा हूक बसवताना



आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांवर एखादी जुनी जीप, अँबेसिडर नाहीतर पद्मिनी अजून जपून ठेवलेली असते. अँबेसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पद्मिनी तर त्याच्याही आधी बंद झाली. पण नीट राखलेली गाडी अजून चालते. टोमॅटोचे दहा-बारा क्रेट बाजारात न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली काढणं परवडत नाही, आणि नवा टेम्पो घ्यायला हातात पैसा नसतो. मग मनात येतं, की या गाडीमागं छोटा दोनचाकी ट्रेलर लावला तर? विचार चुकीचा नाही. दुसऱ्या महायुद्धातली मूळ जीप सैन्यात पाव टनाचा ट्रेलर ओढतच होती. पण हूक बसवणं म्हणजे नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून अर्ध्या तासात बंपरला लोखंड डकवून घेणं नव्हे. उतारावर हूक निसटला, तर ट्रेलर समोर दिसेल त्याच्या अंगावर जातो. मग ते सायकलवरून शाळेला निघालेलं पोरसुद्धा असू शकतं. म्हणून हे काम कसं करावं, ते आज क्रमानं पाहू.

आधी कागद, मग हत्यार

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलं जातं. त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते. तसंच कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. तेव्हा गाडीचं आर.सी. बुक घेऊन आपल्या आर.टी.ओ. कचेरीत आधी विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर "हुकाची नोंद नव्हती" असं ऐकायची पाळी नको.

ओढ कुठं बसते ते ओळखा

बैलगाडीची ओढ जुवावर येते. मोटारीत ती गाडीच्या सांगाड्यावर यायला हवी. बंपर, डिकीचा पत्रा, मागची पट्टी हे सांगाडा नव्हेत. बंपर थोडा धक्का सोसण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नसतो.

जीपचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. तिला खालून शिडीसारखी वेगळी चासी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. हूक अगदी मागच्या आडव्या पट्टीवर, मधोमध बसवतात. पण नुसती मधली पट्टी रोजची ओढ सोसत नाही, ती हळूहळू बाहेर वाकते. सैन्याच्या जीपला या पट्टीच्या आतून तिरके आधार दिलेले असत, म्हणजे ओढ दोन्ही दांड्यांवर वाटली जाई. आपल्या जीपला तसे आधार नसतील, तर आधी ते बसवून घ्या.

अँबेसिडर आणि पद्मिनी यांना मात्र वेगळी चासीच नसते. तळाच्या पत्र्याखाली पत्र्याच्याच पोकळ पेट्या लांबीनं जोडलेल्या असतात, तोच त्यांचा सांगाडा. चिखलपाण्यानं या पेट्या आतून गंजतात आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून गाडी वर घेऊन, खाली पक्का आधार देऊन, लहान हातोडीनं पेटी ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला भद्द वाजतो आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत जातं. असं टोक आत गेलं, तर हुकाचा विचार तिथंच सोडा. आधी तळाची दुरुस्ती, मग बाकीचं.

पेटी चांगली असेल, तर हुकाची चौकट दोन्ही बाजूंच्या पेट्यांना धरून पुढंपर्यंत गेलेली असावी. प्रत्येक बाजूला किमान दोन, असे निदान चार ठिकाणी बोल्ट हवेत. एकट्या डिकीच्या तळाला भोकं पाडून बसवलेला हूक काही महिन्यांत पत्रा फाडून बाहेर येतो.

बोल्ट कसे बसवावेत

बोल्ट १२ मिलिमीटरचे आणि डोक्यावर ८.८ असा आकडा असलेलेच घ्या. दुकानातला बिनआकड्याचा साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण ताकदीला बराच कमी पडतो. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला नुसता वायसर लावू नका. पाच मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी ठेवा, म्हणजे ओढ पत्र्यावर पसरते.

पोकळ पेटीतून आरपार बोल्ट घालायचा असेल, तर आत पेटीच्या रुंदीएवढा पाइपाचा तुकडा बसवा आणि बोल्ट त्यातून न्या. तसं न करता नट आवळला, तर पेटी चेपते. मग बोल्ट कधीच घट्ट राहत नाही आणि गाडीचा सांगाडाही कमजोर होतो.

पट्टीखालचा डांबराचा किंवा रबराचा थर खरवडून काढा. तो थर दबला, की बोल्ट ढिला पडतो. भोक पाडताना ब्रेकचा पाइप, वायर आणि पेट्रोलची टाकी कुठून गेली आहे ते आधी पाहा. भोकाच्या कडांना रेड ऑक्साईड लावा. आपोआप न सुटणारे लॉक नट वापरा.

वेल्डिंगचा मोह टाळावा. पातळ पत्रा उष्णतेनं जळतो, टाकी जवळ असते, आणि आतला तडा कुणालाच दिसत नाही. बोल्ट पुन्हा तपासता येतो, बदलता येतो. हुकाच्या गोळ्याला तर वेल्डिंग कधीच करू नये.

हूक कोणता आणि किती उंच

ट्रॉलीसारखी नुसती उभी पिन असलेली जोडणी मोटारीला नको. तिच्यात झोल असतो, आणि दर ब्रेकला, दर गिअरला बसणारा धक्का थेट पत्र्याला लागतो. गोळा आणि त्यावर बसणारी वाटी ही जोडणी बरी. मात्र गोळा ५० मिलिमीटरचा आणि वाटी दोन इंची, अशी जमवाजमव करू नका. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्याला फरक कळत नाही, पण वाटी सैल राहते. उंची अशी ठेवा, की माल भरल्यावर ट्रेलर सपाट उभा राहील.

चौकटीला दोन साखळ्या लावा आणि त्या ट्रेलरच्या दांडीखालून एकमेकींवरून तिरक्या घ्या. हूक सुटलाच, तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडते. साखळ्या गोळ्याला अडकवू नका, चौकटीलाच अडकवा. वळताना ताणणार नाहीत आणि रस्त्याला घासणार नाहीत एवढीच त्यांची लांबी असावी.

भार किती आणि कुठं

आता खरा प्रश्न. गाडी किती ओढते ते विचारू नका, किती थांबवते ते विचारा. बहुतेक जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. लांब उतारावर ते तापतात आणि पाय दाबूनही पकडत नाहीत. त्यातही जुन्या गाडीत सगळ्या चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून दाब जातो. एक पाइप गळला, की चारही ब्रेक गेले.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर मालासकट त्याचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून कमी असावं. पद्मिनीचं रिकामं वजन सुमारे ९०० किलो. म्हणजे ट्रेलर आणि माल मिळून ४५० किलो ही अगदी शेवटची हद्द. गाडी जुनी आहे, तर ३०० वरच थांबा. २० किलोचे दहा क्रेट म्हणजे २०० किलो झाले. ट्रेलरचं वजन १०० किलो धरलं, तर हिशोब तिथंच संपतो. पाण्याचं २०० लिटरचं पिंप म्हणजे पुन्हा २०० किलोच, आणि अर्धं भरलेलं पिंप तर जास्त घातक, कारण पाणी हिंदकळून ट्रेलरला झोके देतं. दर फेरीला वजन आठवून लिहा, अंदाजानं भरू नका.

माल कसा भरायचा, हे तुम्हाला शिकवायला नको. बैलगाडी उलाळ झाली, की जू वर उचललं जातं. पुढं भार जास्त झाला, की बैलांच्या मानेवर ओझं येतं. इथंही तेच. माल चाकांच्या वर आणि किंचित पुढं ठेवा, म्हणजे हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शंभरात सहा-सात भाग येतील. ३०० किलोला साधारण २० किलो. दांडी तोलकाट्यावर टेकवून पाहता येतं. ट्रेलर उलाळ असेल, तर वेगात तो सापासारखा वळवळतो आणि गाडीची शेपटी हलवतो.

दिवे विसरू नका

उसाच्या ट्रॉल्या रात्री दिसत नाहीत म्हणून काय अपघात होतात ते आपण पाहतो. ट्रेलरला मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि लाल रेडियम लावाच. जुन्या वायरला नुसता पिळा मारून जोड देऊ नका. सात खुंट्यांचा प्लग आणि फ्यूज वापरा. अर्थिंगची वायर स्वतंत्र घ्या. ग्रीस लावलेल्या गोळ्यावर तिचा भरवसा नको. बल्ब वाढले, की जुन्या गाडीतल्या इंडिकेटरची लुकलुक बदलते. अशा वेळी फ्लॅशर बदलून घ्या.

रस्त्यावर चालवताना

ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. तेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ट्रेलर वळवळू लागला, तर जोरात ब्रेक मारू नका आणि वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका, मजूर असो की घरचं पोर.

निघण्यापूर्वी तपासा

१. वाटी गोळ्यावर पूर्ण बसली का? दांडी वर उचलून पाहा.
२. वाटीची पिन आणि दोन्ही साखळ्या लागल्या का?
३. सगळे दिवे लागतात का? एकानं मागं उभं राहून सांगावं.
४. गाडीच्या आणि ट्रेलरच्या टायरात हवा आहे का?
५. ब्रेकचं तेल पूर्ण आहे का, पेडल घट्ट लागतं का?

हूक बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पुढं दर महिन्याला, आणि पावसाळा संपल्यावर एकदा खाली वाकून नीट पाहा. बोल्टाभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली, तर तो बोल्ट हलतो आहे असं समजा. त्या दिवशी माल दुसऱ्या गाडीनं पाठवा. एक दिवसाचं भाडं गेलं तरी चालेल.