सहा वाइनचं मेनूकार्ड

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की साध्या, गल्लीतल्या परमिट रूममध्ये वाइन मागवावी का, आणि तिथलं कार्ड चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं. आज त्यावरच बोलतो.

आधी कबुली देतो. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे याचीसुद्धा मी एक्सेल शीट केली होती. किती वाइन आहेत, किती प्रदेशांतल्या आहेत, कार्डावर साल छापलंय का, दुकानातल्या किमतीच्या किती पट लावलेत, असे कॉलम. पुण्यात माझ्या घराखाली एक परमिट रूम आहे. प्लास्टिकचं कव्हर घातलेलं कार्ड, व्हिस्की-रमची तीन पानं, आणि शेवटच्या पानावर चकण्याच्या वर सहा वाइन. दोन रेड, दोन व्हाइट, एक रोझे आणि एक पोर्ट. हे पोर्ट म्हणजे आपल्याकडचं गोडमिट्टं, पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातलं नव्हे. सालाचा पत्ता नाही. माझ्या शीटमध्ये त्यांना दहापैकी दोन मिळाले होते.

मग नाना आले. नाना म्हणजे माझे सख्खे काका, दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. कुणाच्या तरी साखरपुड्याला पुण्यात आले होते. रात्री म्हणाले, "चल, कुठंतरी बसू." त्यांना खाली घेऊन गेलो. कार्ड त्यांनी लांब धरून वाचलं, वेटरला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "ही शिराज ग्लासात देतोस ना, तिची बाटली कधी फोडली?"

वेटर बिचारा खरं बोलला. "मागच्या शनिवारी, साहेब." त्या दिवशी गुरुवार होता.

"मग ऱ्हाऊ दे. आन् ती शेनिन ब्लाँ?"

"ती काल. फ्रीजमध्ये आहे."

"आण दोन."

माझी अख्खी शीट तिथंच झोपली. बघा ना, हिशोब साधा आहे. बाटली 750 मिलीची, ग्लास 150 चा, म्हणजे पाच ग्लास. एकदा उघडली की हवा लागते. रेड तीन-चार दिवस धरते, व्हाइट फ्रीजमध्ये तेवढीच किंवा थोडी जास्त. मग आंबट, मेलेली लागते, आणि आपण म्हणतो की आपल्याला वाइन आवडतच नाही. आता ज्या ठिकाणी दिवसाला वाइनचे दोन-तीनच ग्लास जातात, तिथं कार्डावर वीस वाइन असल्या तर उघड्या बाटल्या किती दिवस पडून राहणार? म्हणजे ज्या सहाला मी हसत होतो, त्यासुद्धा तिथं जास्तच होत्या. (बाय द वे, आपल्याकडे पाटीवर "वाइन्स" लिहिलेल्या दुकानात सगळ्यात कमी काय मिळतं, तर वाइन.)

बाटल्या ठेवल्यात कुठं, हेही बघत जा. आमच्याकडे रेड ट्यूबलाइटखाली, किचनच्या दाराशी उभी. मे महिन्यात पुण्यात "रूम टेंपरेचर" म्हणजे पस्तीसच्या वर. अशी गरम रेड नुसत्या स्पिरिटसारखी नाकात जाते. बिनधास्त सांगा, पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून आण. आणि चिकन मसाल्याबरोबर तुरट रेड घेतली तर तिखट आणखी चढतं. नानांनी मागवलेली किंचित गोडसर, गार शेनिन त्या तिखटावर मस्त बसली.

दुसऱ्या ग्लासाला मी विचारलं, तुम्हाला एवढं कसं माहीत? तर म्हणाले, "दोन एकर शिराज होती रे आपली. विसरला का?"

विसरलो नव्हतो, पण कधी बोललोही नव्हतो. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. वायनऱ्या करार करत होत्या, नानांनीही केला. मग 2008 ची मंदी, मुंबईचा हल्ला, मागणी पडली. ज्यांच्याशी करार होता त्यांनी आधी पैसे थकवले, मग माल उचलायचंच बंद केलं. थॉमसन असती तर बाजार समितीत गेली असती. शिराजचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला घेतो कोण? 2010 ला नानांनी बाग तोडली. मी तेव्हा बारा वर्षांचा. आम्ही पोरं तुटलेल्या वेलींवरचे घड खात होतो. खूप गोड होते. नाना बांधावर बसले होते आणि आम्हाला कुणी ओरडत नव्हतं, हे विचित्र वाटल्याचं आठवतं.

"आपल्या मालाची वाइन कशी झाली, ते कधी कळलंच नाही," नाना म्हणाले. "एक बाटली दिलती त्यांनी दिवाळीला. पाहुण्यांसाठी ठेवली. वर्षभर फडताळात, पत्र्याखाली. उघडली तर शिरका."

म्हणून तो प्रश्न.

निघताना मी गल्ल्यावर मालकांशी बोललो. ते वाइनचं पानच काढून टाकायच्या विचारात होते, "कोण पितं इथं?" म्हणाले. मी म्हटलं, पान ठेवा, फक्त ग्लासात दोनच द्या, एक रेड, एक व्हाइट, दोन्ही फ्रीजमध्ये, आणि उघडल्याची तारीख मार्करनं बाटलीवर लिहा. त्यांनी मान डोलावली. परवा गेलो तर शेनिनच्या गळ्यावर तारीख होती, रेडवर नव्हती. रेड अजून ट्यूबलाइटखालीच आहे.

नाना पुढच्या महिन्यात लग्नाला परत येणारेत. एक शिराज मी आत्ताच आणून घरच्या फ्रीजमध्ये आडवी करून ठेवली आहे. चला, भेटू पुढच्या भागात.