इंजिन पाहावयास गेलो तेव्हा



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसून. तेव्हा विद्वत्तेच्या वाटेस न जाता आज एका फसलेल्या सहलीची हकीकत सांगावी असे योजिले आहे.

२०१९ सालचा नोव्हेंबर महिना होता. धानाच्या गिरणीतील हमालांची बैठक चालली होती. विषय पोत्यामागील दराचा, म्हणजे दरसालचाच. इतक्यात एकजण बातमी घेऊन आला की नागपूर-नागभीड ही छोटी गाडी बंद होणार असून शेवटच्या फेरीस वाफेचे जुने इंजिन लावणार आहेत. बातमीचा पहिला भाग खरा होता. दुसरा कोणी, कोठून आणला हे विचारण्याचे भान एकालाही राहिले नाही. बैठक तहकूब झाली (आमच्या तीस वर्षांच्या कामात अशा कारणाने झालेली ती एकमेव तहकुबी), आणि एका काळीपिवळीत आम्ही अकराजण, दोन पोरे आणि शेजारचे एक वृद्ध निवृत्त फायरमन असे कोंबून निघालो.

त्या गाडीचे आम्हांस एवढे वेड का, हे तरुण मंडळींना सांगितले पाहिजे. रुळांत अडीच फुटांचे अंतर असलेली ही गाडी १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेने या मुलखात आणली. गोंदियाहून वडसा, नागभीड, आणि १९१३ मध्ये पुढे थेट चांदा फोर्टपर्यंत. आपल्या वडशावरून ती १९९० च्या दशकात गेली, मोठे रूळ आले. आमचे वडील वडशाच्या धक्क्यावर बांबू चढवीत. त्यांची भाकरी घेऊन आम्ही सायकलीच्या दांडीवर बसून जात असू, आणि इंजिन पाणी पीत उभे असले की भाकरी द्यावयाची विसरून तेथेच उभे राहत असू. वडिलांनी त्यापायी दोनदा मारले आहे. इंजिनाची हौस त्यांना नव्हती. डबा भरेपर्यंत त्यांना पाठ सरळ करता येत नसे.

असो. वैनगंगेचा पूल ओलांडला, ब्रह्मपुरी मागे टाकली आणि नागभीडला पोहोचलो. फलाटावर हीऽ गर्दी! जो तो मोबाइल उंचावून उभा. गाडी आली, आणि पुढे होते डिझेलचे इंजिन. आमच्यातील एक पोरगा रडकुंडीस येऊन म्हणाला, “आबाजी, धूर कुठं हाये जी?”

फायरमन आबाजी हसले. म्हणाले, “बाबू, चांगल्या फायरमनच्या इंजिनातून काळा धूर निघतच नाही. काळा धूर निघाला म्हणजे कोळसा नीट जळला नाही. डायवर शिव्या देते.” आणि मग त्या गर्दीत, सिमेंटच्या बाकावर बसून, त्यांनी पोरांना आपले काम सांगितले. कोळसा एका जागी ढीग करून टाकावयाचा नाही. फावड्याने फेकून जाळीवर सारखा पसरावयाचा. एक डोळा काचेच्या नळीतील पाण्यावर, कारण बॉयलरमधील पाणी अग्निपेटीच्या छताखाली उतरले तर मरणच. चढ आला की वाफ हवी, म्हणून चढ येण्याअगोदरच विस्तव तयार पाहिजे. छोट्या इंजिनाच्या त्या खुराड्यात समोर भट्टी, मागे वैशाखाचे ऊन. “आन् ड्यूटी?” आम्ही विचारले. चौदा तास, कधी सोळा. बदली माणूस आला नाही तर त्याहून अधिक.

येथे आमचे युनियनचे डोके जागे झाले, हे आपण गृहीत धराच. इंजिन चालविणाऱ्यांच्या संघटनेने दहा तासांच्या पाळीची मागणी १९७३ साली संप करून पदरात पाडून घेतली. त्यापुढचा मे १९७४ चा देशव्यापी संप वीस दिवस चालला आणि मोडला गेला. आबाजी दोन्हींत होते. पोरांना मात्र ते संपाविषयी बोलले नाहीत, पाण्याच्या नळीविषयीच बोलले.

मुंबईत फेब्रुवारी १८५२ मध्ये ‘लॉर्ड फॉकलंड’ हे पहिले इंजिन भायखळ्याजवळ धावू लागले तेव्हाही बघ्यांची अशीच झुंबड उडाली होती. ते इंजिन रुळांपर्यंत रस्त्यावरून ओढीत नेले ते मजुरांनी, शेकड्यांनी. इंजिनाचे नाव राहिले आहे.

गाडी सुटण्याच्या बेतात होती. सगळे इंजिनासमोर उभे राहून आपापली छबी टिपत होते. आबाजी काठी टेकीत डायवरच्या खिडकीखाली गेले. आम्हांस वाटले, जुन्या आठवणी सांगतील. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, किती वाजता चढले ड्यूटीवर?” डायवर तरुण होता. त्याने घड्याळ पाहिले, काहीतरी सांगितले. शिटीत ते आम्हांस ऐकू आले नाही. आबाजींनी बोटांवर तास मोजले आणि मान हलवली. बरे की वाईट, ते आम्ही विचारले नाही.

वाफेचे इंजिन शेवटी पाहिले ते पुढे नागपूरला, मोतीबागेच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. रंगवून स्वच्छ उभे केले आहे, चांगलेच केले. आबाजींनी चालकाच्या जागेत डोकावून पाहिले आणि म्हणाले की फावडे नाही ठेवले.

आता वडसा-गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा नवा मार्ग आपल्या आरमोरीवरून जावयाचा आहे. रूळ पडले की पहिली गाडी पाहावयास आपण सारे जाऊच. आम्ही तर सर्वांत पुढे असू. पण भराव घालणारी, गिट्टी फोडणारी माणसे आजच तेथे ताडपत्र्यांखाली राहत आहेत. त्यांची हजेरी कोण लिहितो, पाणी कोठून येते, पाळी किती तासांची, हे आम्ही येत्या रविवारी विचारावयास जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळी सात वाजता बसस्थानकापाशी यावे. आबाजीही येणार आहेत.